अण्णा सोवनींचा दोर

तारा, रोहन,

रविवारी फोनवर तुम्ही दोघं माझ्याशी बोलत होतात की एकमेकांशी, हे मला शेवटपर्यंत कळलं नाही. एवढं समजलं की तुम्ही मिळून शिडाची होडी घेतली आहे, उन्हाळ्यात तिच्यातून बेटाबेटांनी हिंडणार आहात, रात्री होडीतच निजणार आहात आणि नांगराला दोर कसला लावायचा यावर तुमचं पटत नाही. रोहनला पहिल्यापासून शेवटपर्यंत साखळी हवी. ताराला नायलॉन हवं. मध्येच रोहन म्हणाला, "आजीला काय विचारतेस, ती साताऱ्याची."

साताऱ्याची हे खरं. समुद्र मी पाहिला तो लग्नानंतर. पण नांगराच्या दोरावरून माणूस किती हट्टाला पेटू शकतो, हे मी त्याच्याआधीच, सांगलीत, कृष्णेच्या घाटावर पाहिलेलं आहे. म्हणून तुम्हांला अण्णा सोवनींबद्दल सांगते. दोराचं काय ते त्यात येईलच.

महायुद्ध नुकतं संपलं होतं. मी कॉलेजसाठी सांगलीला मावशीकडे राहत होते. मावशीचं घर आणि सोवनींचं घर यांत एकच भिंत होती आणि ती भिंत अण्णांच्या आवाजाला पुरी पडत नसे. अण्णा उंच, सडपातळ, कपाळावर चष्मा सरकवलेला. बोटीवरून निवृत्त होऊन आलेले, एवढं गल्लीला माहीत होतं आणि एवढ्यावर गल्लीने त्यांना कप्तान करून टाकलं होतं. अण्णांनी ते कधी नाकारलं नाही, कधी कबूलही केलं नाही. प्रत्यक्षात ते मालवाहू बोटींवर कोठारी होते. रंगाचे डबे, कंदिलाच्या काचा, साबण आणि दोर. दोर द्यायचे आणि परत आला की मांडणीवर ठेवायचे. नांगर टाकणारे खलाशी वेगळे. अण्णांचं सगळं आयुष्य समुद्रावर गेलं, पण खिडकी नसलेल्या खोलीत.

त्यामुळे असेल, किनाऱ्यावर आल्यावर ते फार बोटवाले झाले. स्वयंपाकघराला गॅली म्हणायचे. भाजीवाली ओट्यावर टोपली टेकवायला लागली की म्हणायचे, "पोर्टला नको ठेवू, स्टारबोर्डला ठेव." डावीकडे की उजवीकडे ते न कळून ती बिचारी टोपली डोक्यावरच घेऊन उभी राही. मला ते नावाने कधी हाक मारत नसत. "काय कॉलेज, आज वारा कुठला?" असं विचारायचे. मी काहीतरी दिशा सांगायची. ती चुकलेली असायची.

दोर दिसला की मात्र त्यांचं बोलणं थांबे. मग तो कुणाचा का असेना. आधी हुंगायचा, मग एक पीळ उलगडून दोन धागे दातांखाली धरायचे. शेजारच्या लग्नात त्यांनी मांडवाचा दोर असाच हुंगला आणि मुलीच्या वडिलांना हळूच सांगितलं, "संध्याकाळपर्यंत काळजी नाही." लग्न सकाळचं होतं, तरी वडिलांनी माणसं बोलावून मांडव पुन्हा बांधून घेतला.

गाठींचंही तेच. मावशीच्या दारात गवळी म्हैस घेऊन यायचा आणि समोर धार काढून द्यायचा. एका सकाळी तो म्हैस खुंटाला बांधत होता तर अण्णांनी त्याच्या हातातून दावं घेतलं, "ही काय गाठ आहे?" म्हणाले, स्वतः बांधून दिली आणि मिरजेला निघून गेले. मिरजेला त्यांचे एक स्नेही तंबोरे करायचे, तिथे गेले की दिवस जाई. इकडे धार झाली, दूध झालं, गाठ सुटेना. गवळ्याने ओढली, मावशीने ओढली, मी पेन्सिल घालून पाहिली. जितकी ओढावी तितकी ती आवळत गेली. म्हैस दिवसभर दारात. मावशीने तिला दुपारी भाजीची डेखं घातली, नंतर शिळी भाकरी घातली.

"वैनी, कापू का दावं?" गवळी विचारायचा.

"नको रे बाबा, अण्णांना वाईट वाटेल."

दिवेलागणीला अण्णा आले. एका बोटाने गाठ मागे ढकलली, सुटली. म्हणाले, "ही ओढायची नसते, ढकलायची असते."

"आवं पर म्हशीला कोन सांगनार ढकलायला?" गवळी म्हणाला आणि म्हैस घेऊन गेला. दुसऱ्या दिवसापासून तो म्हैस आमच्या दाराच्या अलीकडेच बांधू लागला.

या माणसाने नदीवरच्या एका नावाड्याची जुनी नाव विकत घेतली. सुताराकडून तिला डोलकाठी बसवली, निजण्यापुरतं लाकडी छप्पर केलं. शीड लष्कराच्या मोडीत निघालेल्या तंबूच्या कापडाचं. ते शिवायला गल्लीतल्या शिंप्याकडे दिलं होतं. दोर ओवायला कडेने भोकं ठेव, एवढंच अण्णांनी सांगितलं, तर शिंप्याने सदऱ्याला करतात तशी सुबक काजं करून दिली.

हा सगळा खटाटोप काकूंसाठी होता. काकू म्हणजे अण्णांची बायको. ठेंगणी, गोरी, फार कमी बोलणारी बाई. अण्णा बोटीवर असताना सासूसासऱ्यांचं आजारपण, मुलींची लग्नं, सगळं तिने सांगलीतच राहून पार पाडलं. अण्णा दोन-दोन वर्षांनी महिनाभर यायचे आणि जाताना म्हणायचे, एकदा तुला बोटीने हिंडवून आणीन. आता ते म्हणत होते, सांगलीहून निघू, हरिपूरला संगमावर मुक्काम करू, वाटेत रमतगमत नरसोबाच्या वाडीला जाऊ. चार रात्री पाण्यावर. काकूंनी वाडीला जायला कधी नाही म्हटलं नव्हतं. पण बोटीत पाय ठेवायला त्यांची एक अट होती.

"रात्री जिथं निजले, सकाळी तिथंच उठले पाहिजे."

"अगं, नांगर असतो."

"असू दे. मला बोट हलते त्याची भीती नाही. बोट जाते त्याची आहे. ती कशी जाते ते मी पुष्कळ पाहिलंय."

 म्हणून अण्णांनी नांगराच्या दोराचं मनावर घेतलं. वेळ थोडा होता. दसऱ्याच्या सुमारास नदी भरलेली पण शांत असते. दिवाळी मागे पडली की वाळू वर यायला लागते, मग नाव चालत नाही. आणि पुढच्या वर्षीचं कुणी सांगावं? काकूंचे गुडघे घाटाच्या पायऱ्यांवर आतापासूनच कुरकुरत होते. या वर्षी दोर सापडला नाही तर काकू बोटीत बसणार नाहीत, हे आम्हां सगळ्यांना दिसत होतं. अण्णांना जास्तच.

अण्णांकडे नौकानयनाचं एक इंग्रजी पुस्तक होतं. ते मी त्यांना संध्याकाळी वाचून दाखवायची. नांगराला मनिलाचा दोर उत्तम, असं पुस्तक म्हणायचं. तो दोर फिलिपाइन्समधून यायचा आणि लढाईत जपान्यांनी ती बेटं घेतल्यापासून बाजारातून नाहीसा झाला होता. सांगलीच्या व्यापाऱ्याला विचारलं तर तो म्हणाला, "मनिला? कुठल्या गावची?" अण्णांनी पुस्तक मिटायला सांगितलं. मग म्हणाले, "कॉलेज, तुमच्याकडे मोटेचा नाडा कोण करतं?"

विहिरीवर बैल चामड्याची मोट ओढतात, तिच्या जाड दोराला नाडा म्हणतात. आमची जमीन कोरेगावच्या बाजूला होती आणि ती सुभाना कसायचा. पलटणीत राहून आलेला, इटलीपर्यंत जाऊन आलेला माणूस, पण जगातली प्रत्येक वस्तू तो बैलाच्या मापाने मोजायचा. बेंदराला, म्हणजे आमच्याकडच्या बैलांच्या सणाला, मी घरी गेले तेव्हा अण्णा बरोबर आले. त्या दिवशी गावात बैलांना नवे दोर मिळतात. सुभानाने अण्णांसाठी अंबाडीचा नवाकोरा नाडा वळून घेतला होता. मनगटाएवढा जाड. अण्णांनी हुंगला, चावला आणि डोळे मिटले.

"आवं अण्णा, ह्येला हत्ती बांधा," सुभाना म्हणाला. "तसूभर वाढायचा न्हाई. मोटंचा दोर वाढला की पानी वर येतंय व्हय? दोर म्हंजे कसा, सांगितल्या शब्दावानी पायजे."

"किती सोसेल?" अण्णांनी विचारलं. हा त्यांचा कायमचा प्रश्न.

"बघायचंच हाय का?"

मळ्याच्या बांधावर बाभळीचं एक जुनं खोड होतं. नाडा त्याला बांधला, दुसरं टोक बैलजोडीला. सगळं गाव सणासाठी जमलेलंच होतं. बैल जोर करून वाकले, दोर काठीसारखा झाला आणि तिसऱ्या हिसक्याला खोड मुळासकट बाहेर आलं. बैल खोड घेऊन शेजारच्याच्या मिरच्यांतून पार ओढ्यापर्यंत गेले. शेजारी ओरडत होता आणि बाकीचे नाड्याला हात लावून नमस्कार करत होते. अण्णांचा आनंद काही विचारू नका. खोड का निघालं, हा विचार त्या दिवशी कुणाच्याच डोक्यात आला नाही, माझ्याही नाही. दोर तुटला नाही ना, मग झालं.

नाडा सणाचा म्हणून सुभानाच्या बायकोने त्याला बैलाच्या दोराला लावतात तसे गोंडे आणि एक घुंगरू लावून दिलं होतं. अण्णांना ते काढायचं धैर्य झालं नाही.

दोराच्या परीक्षेची पद्धत काकूंनी स्वतः ठरवली होती. पलीकडच्या काठावर चिंचेचं मोठं झाड होतं. नाव नदीच्या मध्यावर उभी करायची. काकू घाटावर एका ठरावीक पायरीवर वाती वळत बसणार. तिथून पाहिलं की डोलकाठी पलीकडच्या चिंचेच्या खोडावर आलेली दिसली पाहिजे आणि जेवणवेळेपर्यंत तिथून हलता कामा नये.

दसरा झाल्यावर पहिली परीक्षा झाली. नांगर टाकला, नाडा ताठ झाला. इतका ताठ की अण्णांनी काठावर येऊन मिरजेच्या तंबोऱ्यांची आठवण काढली. वारा पडलेला होता तोवर ठीक. मग वाऱ्याची झुळूक आली, नावेला हिसका बसला, तोच हिसका जसाच्या तसा नांगराला बसला. दुसऱ्या हिसक्याला घुंगरू वाजलं. तिसऱ्याला बाभळीचं खोड निघालं तसा नांगर निघाला आणि नाव घुंगरू वाजवत हरिपूरच्या रस्त्याला लागली.

काकूंनी वातींवरची नजर उचलली. "निघाली," म्हणाल्या, आणि वाती डब्यात घातल्या.

अण्णांनी पोहणारी माणसं पाठवून नाव आणली. मग ते साखळीकडे वळले. रोहन, तुझी बाजू इथे येते. एवढी मोठी साखळी सांगलीत एकाकडेच होती, संस्थानच्या हत्तीकडे. हत्ती रोज नदीवर अंघोळीला यायचा. माहुताला अण्णांनी तंबाखू देऊन राजी केलं, की हत्ती पाण्यात असेपर्यंत साखळदंड आम्हांला. साखळीने नांगर टाकला आणि काय सांगू, नाव मुळी हललीच नाही. डोलकाठी चिंचेवर आणि चिंच डोलकाठीवर. अण्णा घाटावर येरझाऱ्या घालायला लागले. पण साखळीचं सगळं वजन नावेच्या तोंडाशी. आमची नाव ती केवढी. तिचं नाक हळूहळू खाली गेलं आणि पाणी काठाला लागलं.

"उभी आहे," अण्णा म्हणाले.

"उभी आहे खरी," काकू म्हणाल्या, "पण नमस्कार करतेय. मलाही वाकून बसावं लागेल का?"

तेवढ्यात माहूत धावत आला. "साहेब, साखळी द्या लवकर. हा दोरीला मानत नाही." मागे हत्ती अंघोळ आटोपून बाजाराच्या दिशेने निघाला होता. साखळी सोडवून त्याच्यापर्यंत पोचवेपर्यंत त्याने उसाची एक गाडी जवळजवळ संपवली होती.

त्यानंतर आठवडाभर भिंतीपलीकडून आवाज आला नाही. मावशी म्हणाली, बोलत नाहीत म्हणजे प्रकृती बरी नसेल. मग एक दिवस मी कॉलेजातून येत होते, तर बाजारात रस्त्याच्या मधोमध अण्णा उभे. मागे टांगेवाला घंटा वाजवतोय, त्यांना ऐकू येत नाही. समोरून कोकणातून नारळाची पोती घेऊन आलेली एक लॉरी चालली होती. पोत्यांवरून काथ्याचे दोर आवळलेले. रस्ता खड्ड्यांचा. प्रत्येक खड्ड्याला पोती उसळत होती, दोर त्यांच्याबरोबर लांब होत होते आणि पोती बसली की परत आखडत होते.

"कॉलेज, बघ," अण्णा म्हणाले. "श्वास घेतोय."

"कोण?"

"काथ्या. जन्मभर माझ्या कोठारात होता. सगळ्यांत खालच्या मांडणीवर. अंबाडीच्या निम्म्यानं सोसत नाही, म्हणून मी त्याला पायपुसणं म्हणायचो." ते लॉरीच्या मागे चालू लागले, मी त्यांच्या मागे. "कोठारात दोराला कोण ओढतंय? तिथं सगळे सारखेच दिसतात."

काकूंची प्रतिक्रिया थोडक्यात होती. "गाद्यांत भरतात तो?"

काथ्या कमी सोसतो म्हणून दोर जाड हवा होता. अण्णांनी सुभानाला बोलावून घेतलं. दिवाळी जवळ आली होती, मला साताऱ्याला घेऊन जायलाही तो येणारच होता. दोर वळायला लांब जागा हवी, म्हणून त्यांनी आमची गल्ली या टोकापासून त्या टोकापर्यंत अडवली. पोस्टमन वाकून जायचा, गवळ्याने म्हैस आणलीच नाही. सुभाना पीळ देत होता आणि तोंड चालूच होतं.

"अण्णा, लय वंगाळ माल हाय ह्यो. ह्येनं शेरडू बी थांबायचं न्हाई. बघा की, वढला की येतोय."

"येऊ दे."

"आवं, येऊ दे काय? दोर हाय का लाडकी लेक?"

"सुभाना, त्या दिवशी बाभळीचं खोड का निघालं?"

सुभाना पीळ देता देता थांबला. "बैल तसलं होतं म्हनून."

"दोर तसला होता म्हणून. जरा जरी वाढला असता तर खोड अजून तिथंच असतं आणि तुझ्या शेजाऱ्याच्या मिरच्याही."

"मंग मोट कशी वढायची वाढनाऱ्या दोरानं?" सुभाना म्हणाला, आणि त्याचंही खरंच होतं.

साखळीचाही थोडा उपयोग अण्णांनी ठेवला. माहुताकडे एक तुटका तुकडा पडून होता, तो त्यांनी नांगर आणि दोर यांच्या मध्ये घातला. म्हणजे तळाशी वजन, आणि वर सैल श्वास घेणारा दोर. दोरही पाण्याच्या खोलीच्या कितीतरी पट लांब सोडायचा. तेव्हा, मुलांनो, तुम्ही दोघंही निम्मे निम्मे बरोबर आहात. ताराचं नायलॉन ताणतं म्हणूनच चांगलं, आणि रोहनची साखळी तळाशी थोडी असली तर खडकाला घासून दोर झिजत नाही. आता पुढचं ऐका.

तिसरी परीक्षा मी साताऱ्याला निघायच्या दिवशी सकाळी झाली. नदी उतरायला लागली होती. वाळूची एक पिवळी कड वर आलेली दिसत होती. नाव मध्यावर उभी केली, सुभाना तिला सोडून काहिलीतून परत आला. काहील म्हणजे गुऱ्हाळात उसाचा रस आटवायची प्रचंड कढई. आमच्याकडे पूर आला की माणसं तिच्यात बसून नदी ओलांडतात. काकू पायरीवर बसल्या.

वारा त्या दिवशी चांगला होता. झुळूक आली की नाव मागे जायची, डोलकाठी चिंचेच्या खोडावरून फांदीपर्यंत सरकायची. मग दोर तिला हळूच पुढे घ्यायचा.

"ती हलतेय," काकू म्हणाल्या.

"हलतेय," अण्णा म्हणाले. "जात नाही."

काकूंनी पुढची वात वळायला घेतली. ऊन घाटावर आलं. नाव मागे जात होती, पुढे येत होती. सुभाना माझ्या कानाशी म्हणाला, "ताई, आपली गाडी." मी म्हटलं, थांब. जेवणवेळ झाली. काकूंनी वातींचा डबा माझ्या हातात दिला, पदर खोचला आणि सुभानाला म्हणाल्या, "चल, मला पोचव."

अण्णा पुढे होऊन काहिलीत बसायला लागले, तर काकूंनी त्यांना हाताने थांबवलं. "तुम्ही राहा. दोघं बसलो तर ही बुडेल."

काहील बुडाली नसती. महापुरात तिच्यात सहा माणसं बसतात. हे अण्णांना माहीत होतं, सुभानालाही माहीत होतं. सुभाना खाली बघत वल्हं मारत राहिला. काकूंनी दोन्ही हातांनी काहिलीचा काठ धरला होता. नावेपाशी गेल्यावर सुभानाने आधार दिला आणि त्या चढल्या. कुठे काय आहे ते पाहत सगळी नाव त्यांनी एकदा फिरून पाहिली. छपराखाली डोकावल्या. मग डोलकाठीला टेकून बसल्या, आमच्याकडे पाठ करून, पलीकडच्या काठाकडे तोंड.

पुढच्या आठवड्यात ती दोघं वाडीला जाऊन आली, असं मला मावशीने नंतर भेटीत सांगितलं. हरिपूरला दोन मुक्काम झाले, कारण काकू निघायला तयार नव्हत्या. दिवाळीनंतर माझं लग्न ठरलं, उरलेलं कॉलेज मी पुण्याला केलं, आणि सांगलीला पुन्हा गेले तोवर ते घर दुसऱ्यांचं झालं होतं. म्हणून अण्णा मला आठवतात ते त्या दुपारचे.

सुभाना काहील घेऊन परत आला. आमचा टांगा घाटावर उभा होता.

"अण्णा, काकूंना आणायला मी थांबू का?" सुभानाने विचारलं.

अण्णांनी नावेकडे हात करून हाक मारली, "अगं, येतेस का?"

काकूंनी मान न वळवता हात हलवला. येते असा नाही, थांबा असा.

"तुम्ही जा," अण्णा आम्हांला म्हणाले. "तिची काही घाई दिसत नाही." आणि चष्मा कपाळावरून डोळ्यांवर ओढून ते काकूंच्या पायरीवर बसले. टांगा वळला तेव्हा मी मागे पाहिलं. ते तसेच बसले होते, मांडीवर हात ठेवून, नावेवर नजर लावून.

तुमची,
आजी